डावरीचा पाटा

माझी सवत मी कधी पाहिली नाही. मी या घरात आले तेव्हा तिला जाऊन दोन पावसाळे झाले होते. पण सांगते, जिवंत सवत परवडली. जिवंत असती तर भांडले असते, झिंज्या उपटल्या असत्या, नळावर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. मेलेलीचं काय करायचं? तिला कुणी वाईट म्हणत नाही. ती कधी आमटीत मीठ जास्त टाकत नाही, उलटून बोलत नाही, आणि तिचे केसही पिकत नाहीत.

तिचं नाव कौसल्या. माझा नवरा कोंडीराम तिला कौसी म्हणायचा. मला म्हणतो शेवंते, आणि तेही काही हवं असलं तर.

नवरा टाकीवाला. पिशवीत हातोडी आणि छिन्न्या घालून परळ, लालबाग, भोईवाडा हिंडायचा. "पाट्याला टाकीऽऽ, जात्याला टाकीऽऽ" अशी हाळी आली की चाळीचाळींतून बाया गॅलरीत यायच्या. वाटून वाटून पाटा गुळगुळीत होतो, मिरची नुसती घसरत बसते. टाकीवाला छिन्नीनं ठोकून ठोकून तो परत सपाट आणि खरखरीत करून देतो. निम्म्या गिरणगावचं वाटण माझ्या नवऱ्याच्या हातावर चालायचं म्हणा ना. आणि आमच्या घरचा पाटा? काचेसारखा! त्यावर कधी टाकी पडली नव्हती. माझ्या घरी मसाला वाटायला घेतला की बाजूची आमटी उकळून उतरायची तरी माझं खोबरं आपलं फिरतंच आहे. चाळीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मी वरून हसायची आणि आतून माझा तिळपापड व्हायचा.

कारण तो पाटा तिचा होता. तिच्या माहेराहून आलेला, काळा कुळकुळीत, हातभर लांब, उचलायला दोन माणसं लागतील असा.

मी तशी वरळीच्या चाळीत जन्मलेली. वडील गिरणीत, संपात नोकरी गेली, घरात चौघी मुली. थोरलीला बिजवर मिळाला तर कोण नाही म्हणतं? लग्नात माझ्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर सवतीचा चांदीचा टाक बांधला. तिच्या आत्म्यानं त्रास देऊ नये म्हणून दुसरीनं पहिलीला गळ्यात घालून फिरायचं. बरं, घातलं. रीत आहे, त्याला कोण काय करणार. पण दुसऱ्याच दिवशी वाटायला बसले, वरवंटा पुढे ढकलला, आणि तो आपला डावीकडे पळाला. परत ओढला, परत डावीकडे. पाहते तर पाट्याला डाव्या अंगाला खळगा. चांगला तळहात मावेल असा. माझा सगळा जोर उजव्या हातात, आणि मसाला सगळा डावीकडच्या खळग्यात जाऊन बसलेला.

शेजारच्या पर्पेच्युआबाईला विचारलं. ती आणि तिचा नवरा लिओनार्ड इथले जुने. आमच्या चाळीच्या आधीपासून परळात त्यांचं घर.

"गो, कौसल्या डावरी होती ना!" पर्पेच्युआबाई म्हणाली. "डाव्या हाताने असा जोर लावायची, बघत राहावं. नाताळच्या मसाल्याला मी तिलाच बोलवायची. तिच्या हाताचं वाटण म्हणजे लोणी."

लोणी म्हणे! मी घरी येऊन त्या खळग्याकडे बघत बसले. बाई मेली, जाळली, राख समुद्रात गेली, आणि हात मात्र इथे दगडात ठेवून गेली. रोज सकाळ-संध्याकाळ मी तिच्या हातात हात घालून वाटायचं.

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, "पाट्याला टाकी लावा."

"बघू," तो म्हणाला.

आठवड्यानं म्हटलं. बघू. दिवाळीत म्हटलं, शिमग्याला म्हटलं. बघू. एकदा त्याची पिशवी मीच पुढ्यात आणून ठेवली. तो उठला, चप्पल घातली आणि बाहेर गेला. तेव्हा मला कळलं की हा लावणार नाही. टाकी लावली तर खळगा जाणार, आणि खळगा गेला तर कौसी जाणार. साऱ्या गावचे पाटे ठोकून सपाट करतो, आणि घरच्या पाट्याला नुसतं बोट लावायचं झालं तरी आधी हात पुसतो.

मला दागिने नको होते. साडी नको होती. त्या दहा बाय दहाच्या खोलीत सगळं तिनं मांडलेलं. फळी तिची, हंडा तिचा, भिंतीतले खिळेसुद्धा तिच्या उंचीवर मारलेले, माझा हात पोचायचा नाही. मला एकच हवं होतं. त्या पाट्यावर टाकी पडावी. तिचा हात तिथून निघावा आणि मी या घरची बाई आहे हे त्या माणसानं एकदा हातोडीनं सांगावं. बस्स. बाकी काही मागितलं असेल तर जीभ झडो माझी.

एका रविवारी म्हणाला, "चल, वरळीला जाऊन येऊ." मला वाटलं, माहेरी नेतोय. कसलं काय! मला घेऊन गेला समुद्रावर, ओहोटीचे दगड दाखवायला. हा माणूस एरवी चार शब्द बोलेल तर शपथ, पण दगडाचं नाव काढा, थांबायचा नाही.

"ह्यो बघ," म्हणाला. एक खडक मधमाशांच्या पोळ्यासारखा खाऊन टाकलेला, भोकं-भोकं. "लोकं म्हणत्यात, लाटांनी झिजला. लाट मारती ते वेगळं. ह्याला खाल्ला मिठानं. खारं पाणी भेगेत जातं, उन्हानं सुकतं, मागं मीठ ऱ्हातं. ते मीठ आतल्या आत फुगतं आन् दगडाचा कण सुटा करतं. रोज एक-एक. आवाज न्हाई, काय न्हाई."

"आणि हा?" मी शेजारच्या काळ्या खडकाकडे बोट केलं. तो तसाच्या तसा, गुळगुळीत.

"दोन्ही एकाच जातीचं. पर ह्यो घट्ट. दगड आधी रसासारखा पातळ व्हता म्हणत्यात, मग थंड झाला. ज्येच्यात हवा कोंडली त्येला फोड आलं. त्या फोडांत पाणी शिरतं, दगड सडतो, त्येचा मुरूम व्हतो, नखानं उकरावा असा. आन् ज्येच्यात फोड न्हाईत, रवा बारीक, सगळा एकजीव, त्यो टिकतो." त्यानं खिशातून छोटी हातोडी काढली आणि दोन्ही ठोकून दाखवले. पोळ्यासारखा भद्द वाजला. काळा खणखणला, देवळातली घंटा वाजावी तसा. "आपला पाटा असा वाजतो. पिढ्या जातील."

"म्हणजे तो कधी झिजणारच नाही?"

"झिजतो की. सगळंच झिजतं. पर ज्येला झिजवायला माणसाला जलम घालवावा लागतो त्यो चांगला दगड."

खरं सांगते, मला त्या क्षणी बरं वाटलं होतं. वारा होता, त्यानं चणे घेतले होते, आणि तो माझ्याशी इतकं बोलत होता. मग चणे चावत समुद्राकडे बघून म्हणतो कसा, "कौसीला हितं लई आवडायचं."

झालं! चणे तोंडात तसेच राहिले. म्हणजे हा खडकही तिचाच. हेच सगळं, मीठ न् फोड न् खणखण, तिलाही सांगून झालेलं. मी उठले आणि चालू लागले. तो मागून "शेवंते, काय झालं, शेवंते" करत आला. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही काय झालं. पुरुषांना कळत नाही, का कळून घ्यायचं नसतं, देव जाणे.

अशी वर्षं गेली. मूलबाळ नाही. माझं वाटण, माझं जळणं, आणि तो पाटा.

मग छप्पन सालचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर सांगितलं आणि अख्खं परळ रस्त्यावर उतरलं. गिरण्या बंद, दुकानं बंद. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ही आरोळी एका चाळीतून निघायची ती पार लालबागपर्यंत जायची. पोलिसांच्या गाड्या आत येऊ नयेत म्हणून पोरं रस्ते अडवत होती. पिंपं, बाकडी, हातगाड्या, फरश्या, मिळेल ते आडवं टाकत होती. लालबागच्या बाजूला गोळीबार झाला, माणसं मेली, अशा बातम्या येत होत्या. बायाही मागे नव्हत्या. मी स्वतः गॅलरीतून घसा फुटेस्तोवर ओरडले आहे.

त्या दिवशी दुपारी कोंडीराम बाहेर गेला होता, कोपऱ्यावर बातमी ऐकायला. रामदास आला, वरच्या मजल्यावरचा, गिरणीत साचेवाला. बरोबर दोघं-तिघं.

"वैनी, काही जड आहे का घरात? दगड, लोखंड, काहीही. नाक्यावर लावायचंय."

मी विचार केला म्हणू का? नाही केला. खोटं कशाला बोलू. माझं बोट आपोआप कोपऱ्याकडे गेलं.

"हा न्या."

रामदास बघतच राहिला. "वैनी, पाटा? घरातला?"

"मुंबईपेक्षा मोठा आहे का पाटा?" मी म्हटलं. काय ठसक्यात म्हटलं! पोरांनी "वैनींचा विजय असो" केलं. दोघांनी धापा टाकत तो जिन्यानं खाली नेला. वरवंटा तेवढा राहिला, तो मी मोरीत ढकलला. मग कोपरा झाडून काढला. पाट्याखाली जमिनीवर एक चौकोन उरला होता, गोरा, ओलसर. मी त्यावर पाणी टाकून पुसलं, परत पुसलं. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! पर्पेच्युआबाई दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गो शेवंती, हे काय केलंस? तो तुला मारील." मी म्हटलं, मारू दे. मारलं तर निदान माझ्यासाठी हात उचलला असं तरी होईल.

कोंडीराम आला. पाणी प्यायला हंड्याकडे गेला आणि त्याची नजर कोपऱ्यात पडली.

"पाटा कुठाय?"

"नाक्यावर. महाराष्ट्राला दिला."

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर सगळं बोलायचं ठरवून ठेवलं होतं मी. त्यानं हातातला तांब्या खाली ठेवला, मुंडासं गुंडाळलं, आणि जिना उतरून गेला.

"अहो, कुठे चाललात? बाहेर पोलीस आहेत!"

जिन्यात नुसते पाय वाजले.

आणि थोड्या वेळानं नाक्याच्या बाजूनं आवाज आला. आधी माणसांचा, मग फटाके लावावेत तसा. फटाके नव्हते ते. लोक पळत परत येऊ लागले, डोळे चोळत, खोकत. कुणी म्हणालं अश्रुधूर, कुणी म्हणालं गोळी. मी कठड्याला धरून उभी. जीव नुसता टांगणीला लागलेला. पण मनात काय चाललं होतं सांगू? भीती होतीच, पण भीतीच्या खाली तेच मीठ. गेला तो तिच्यासाठी गेला. गोळी लागली तर तिच्या दगडावर पडेल, आणि मी गळ्यात तिचा टाक घालून त्याला रडेन. मेला माणूस! माझ्यासाठी कधी पानपट्टीच्या दुकानापर्यंत तरी धावला का? मी पर्पेच्युआबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून त्याला शिव्या देत होते आणि रडत होते. ती क्रूस करत माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. लिओनार्डनं खालचं दार लावून घ्यायला सांगितलं, तर मी त्याच्याही अंगावर धावले.

रस्ता रिकामा झाल्यावर तो आला. खांद्यावर पाटा. एकटा घेऊन आला होता, दोघांनाही धाप लागते त्याची. कपाळ फुटून रक्त भुवईपर्यंत आलेलं, डोळे मिरची गेल्यासारखे लाल. जिना एक-एक पायरी चढून आला आणि पाटा कोपऱ्यात नाही, दारातच उजेडाला ठेवला. मग भिंतीला टेकला.

जिवंत आहे म्हटल्यावर माझं तोंड सुटलं. "गेला होतात ना तिच्यासाठी! मरायला गेला होतात! जा, तिच्याकडेच जा! इतकी वर्षं तिच्या हाताखाली वाटतेय मी. घर तिचं, खिळे तिचे, समुद्र तिचा, नवरापण तिचा. मी कोण? मोलकरीण? एवढंसं मागितलं होतं मी, टाकी लावा म्हणून. एवढंसं! साऱ्या जगाच्या पाट्याला लावता!"

चाळ गोळा झाली होती. मला कुणाची लाज नव्हती. तो ऐकत राहिला. पर्पेच्युआबाईनं त्याच्या कपाळाला फडकं बांधलं, तेही त्यानं बांधू दिलं. मग सरकला, कोपऱ्यातली पिशवी ओढली आणि छिन्नी-हातोडी काढली.

"लावतो," म्हणाला. "बस म्होरं."

मी पदर खोचून पुढ्यात बसले.

"पाणी आण."

टाकी लावायच्या आधी पाट्यावर पाणी मारून बघतात. पाटा समतल ठेवायचा, तांब्याभर पाणी ओतायचं आणि थांबायचं. उंच भागावरून पाणी ओघळून जातं, खोलात थांबतं. मग कुठलं किती ठोकायचं ते कळतं. मी पाणी आणलं. त्यानं पाट्याखाली एका अंगाला लाकडाची ढलपी सरकवली, पाणी ओतलं. रस्त्यावरची माती, रक्त, सगळं वाहून गेलं. पाटा काळाभोर चमकला.

डावीकडे पाणी थांबलं. मला माहीत होतंच. तळहाताएवढं तळं, तिचं.

आणि उजवीकडेही थांबलं.

पातळ होतं, वाटीच्या बुडाएवढं, काठाला सुकत चाललेलं. पण होतं. मी वाकले. बोटानं पाणी पुसलं, ते परत गोळा होऊन तिथेच आलं.

"हे काय?"

"काय म्हंजी? खळगा."

"इथे कुठला खळगा? खळगा डावीकडे आहे."

"त्यो तिचा," कोंडीराम म्हणाला. "ह्यो तुजा. हितं दुसरं कोण वाटतंय?"

पर्पेच्युआबाईनं वाकून पाहिलं आणि "येशू," म्हणाली.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"बोटाला लागतं की. दोन-तीन सालं झाली."

"मग सांगितलं का नाही मला?"

"त्यात सांगायचं काय?" त्याला खरंच नवल वाटलं. "दगड हाय. झिजंल तसा दिसंल." त्यानं छिन्नी उचलली. "आता ह्ये सगळं एका पातळीवर आणावं लागंल. एक ठिवून एक न्हाई काढता येत. दोन्ही जातील." आणि त्यानं छिन्नीचं टोक डावीकडच्या काठावर टेकवलं, हातोडी वर उचलली.

इतकी वर्षं जे मागत होते ते समोर होतं. आणि मी काय केलं? त्याचं मनगट धरलं. घट्ट.

"थांबा."

"आता काय?"

"राहू द्या."

"अगं, आत्ता तर..."

"राहू द्या म्हणते ना!" मी छिन्नी काढून घेतली आणि पिशवीत टाकली. चाळीतल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. बघू देत. त्यांच्या पाट्यांना दर सहा महिन्यांनी टाकी पडते, त्यांना काय कळणार.

लोक पांगले. तो कपाळ धरून बसून राहिला. मी पाण्याकडे बघत होते. डावीकडचं केवढं, उजवीकडचं केवढंसं! परत पोटात दुखायला लागलंच. का नाही लागणार?

"खरं सांगा," मी विचारलं. "आज गेलात ते कुणासाठी?"

त्यानं बराच विचार केला. खोटं बोलता येत नाही त्याला, तेवढं एक बरं आहे.

"पाट्यासाठी," म्हणाला.

मला त्याचा राग यायला हवा होता. नाही आला. हसू आलं, आणि मग रडू.

"माझा तिच्याएवढा खोल व्हायला किती दिवस लागतील?"

"दिवस? कातळ हाय हा, शेवंते. म्हातारी व्हशील."

"होईन," मी म्हटलं. "तुम्ही बघालच. तिच्यापेक्षा खोल करीन."

मोरीतून वरवंटा काढला, धुतला. बाहेर कर्फ्यू पुकारत गाडी चालली होती, भाजी कुठून मिळणार, घरात फक्त सुक्या मिरच्या आणि लसूण होता. तेच पाट्यावर घेतलं आणि गुडघा टेकून वाटायला बसले. वरवंटा सवयीनं डावीकडे पळाला. मी त्याला ओढून उजवीकडे आणला, आणि सगळा जोर तिथे लावला.